पोकळ स्लॅटचे टोक : प्रस्तावना

सरकत्या तळाच्या कन्व्हेयरचा विषय निघाला की बोलणे हायड्रॉलिक सिलिंडर, झडपा आणि तेलाच्या दाबाकडे वळते. ते रास्तच आहे, कारण यंत्राचे सगळे बळ तिथे असते. हे पुस्तक मात्र त्याच यंत्राच्या सर्वांत लहान भागाविषयी आहे. तळाच्या पोकळ ॲल्युमिनियम स्लॅटचे उघडे टोक बंद करणारी कॅप आणि ती जागेवर धरून ठेवणारी जोडणी, एवढाच याचा विषय. तळहाताएवढ्या तुकड्यासाठी अख्खे पुस्तक कशाला, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचे उत्तर या प्रस्तावनेत द्यायचे आहे आणि या विषयात पहिले पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचे स्वागतही करायचे आहे.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. भुसा, लाकडाचा चुरा, शहरी कचरा, खत, धान्य असा सुटा माल वाहणाऱ्या ट्रेलरचा तळ एकसंध पत्र्याचा न ठेवता लांबीच्या दिशेने शेजारीशेजारी बसवलेल्या स्लॅटचा करतात. स्लॅटची संख्या बहुधा तीनच्या पटीत असते. ट्रेलरमध्ये 21 किंवा 24 स्लॅट नेहमी दिसतात. दर तिसरा स्लॅट एका गटात, असे तीन गट पडतात आणि प्रत्येक गट एका आडव्या तुळईला बोल्टने जोडलेला असतो. माल उतरवताना तिन्ही गट एकदम मागच्या दाराकडे सरकतात, तेव्हा सगळा माल त्यांच्यासोबत सरकतो. मग गट एकेक करून पुढच्या बाजूला परततात. एक गट परतताना मालाचा साधारण एक तृतीयांश भार त्याच्यावर आणि दोन तृतीयांश भार स्थिर असलेल्या दोन गटांवर असतो. घर्षण भाराच्या प्रमाणात असल्यामुळे स्थिर स्लॅटची पकड जिंकते आणि माल जागचा हलत नाही. ट्रॉली न उचलता, साखळी किंवा पट्टा न लावता गाडी रिकामी होते. ज्या शेडचे छप्पर ठेंगणे आहे किंवा जिथली जमीन उतरती आहे, तिथे टिपरची ट्रॉली उचलणे धोक्याचे असते. अशा ठिकाणी हा तळ फार मोलाचा ठरतो.

या यंत्राचे आजचे रूप अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात घडले. 1970च्या दशकापासून तिथे ऑलोफ हॉलस्ट्रॉम आणि रेमंड कीथ फॉस्टर या दोघांनी स्वतंत्रपणे सरकत्या तळावर काम केले आणि अनेक पेटंटे घेतली. ओरेगॉन हा लाकूडतोडीचा आणि आरागिरण्यांचा मुलूख. लाकडाचा चुरा आणि भुसा लवकर, सुरक्षितपणे उतरवण्याची गरज तिथे रोजची होती. पुढे युरोपात, विशेषतः नेदरलँड्समध्ये, हे तंत्र रुजले आणि कचरा वाहतुकीपासून जैवइंधनाच्या कोठारांपर्यंत पोहोचले. या वाटचालीत ड्राइव्ह, बेअरिंग, स्लॅटचा छेद यांवर बरेच काम झाले आणि स्लॅटचे टोक बंद करण्याच्या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावरही जाणत्या लोकांनी डोके चालवले.

स्लॅट पोकळ का करतात? वाकण्याला विरोध करण्यासाठी धातू जितका मधल्या रेषेपासून दूर, तितका चांगला. म्हणून एकाच वजनात पोकळ छेद भरीव पट्टीपेक्षा कितीतरी ताठ असतो. फोर्कलिफ्टची चाके ज्या तळावरून जाणार आहेत, तिथे हा ताठपणा लागतोच. असा स्लॅट एक्स्ट्रुजनने तयार होतो. तापवलेले ॲल्युमिनियम डायमधून दाबून बाहेर काढतात. पोकळी ठेवण्यासाठी डायच्या आत गाभा धरावा लागतो आणि त्याला आधार देणाऱ्या पुलांपाशी धातूचे प्रवाह फाटून पुढे दाबाखाली पुन्हा एकजीव होतात. म्हणजे पोकळ स्लॅटच्या भिंतीत लांबीभर अशा सांध्याच्या रेषा असतात. डोळ्यांना त्या बहुधा दिसत नाहीत. पण टोकात एखादा तुकडा जोरात ठोकून बसवला आणि भिंत फाटली, तर ती याच रेषेवर फाटण्याची शक्यता जास्त. डायचा आराखडा न पाहता कॅपची जोडणी ठरवू नये, हा या पुस्तकाचा पहिला धडा इथून निघतो.

स्लॅट हव्या त्या लांबीला कापला की दोन्ही टोके उघडी पडतात. 24 स्लॅटच्या तळाला अशी 48 तोंडे असतात. ती उघडी राहिली तर काय होते, हे कचऱ्याच्या जुन्या गाडीचा स्लॅट काढून पाहिला की कळते. आत ओला, दडपून घट्ट झालेला गाळ बसलेला असतो. वजन वाढते. आंबलेल्या कचऱ्याचे पाणी धातूला आतून खाते आणि ते बाहेरून दिसत नाही. आज खत, उद्या धान्य असा माल बदलत असेल, तर मागच्या खेपेचा अंश पुढच्या खेपेत मिसळतो. टोक बंद करणे हे सजावटीचे काम नाही, ते यंत्राच्या आयुष्याशी आणि मालाच्या शुद्धतेशी जोडलेले आहे.

आता मुख्य प्रश्न. कॅप कशाने धरावी, हे विचारण्याआधी तिला काढू पाहणारे बळ कोणते, हे विचारायला हवे. या पुस्तकाचे सगळे म्हणणे या एका वाक्यात आहे. जोडणीची ताकद ती केली त्या दिवशी किती होती, यावरून तिची पारख होत नाही. रोजच्या वापरात ती कोणत्या दिशेने, किती वेळा आणि कशाच्या सान्निध्यात ओढली जाते, यावरून होते.

पुढच्या टोकापाशी, म्हणजे चालकाच्या केबिनकडच्या बाजूला, स्लॅट मागे सरकले की टोक आणि पुढची भिंत यांच्यामध्ये मोकळी जागा पडते आणि झिरपलेला बारीक माल तिथे साचतो. स्लॅट परतताना कॅप तो माल भिंतीवर दाबते. हे बळ मोठे असू शकते, पण ते कॅपला स्लॅटच्या आत ढकलते. कॅपला बाहेरून काठ असेल आणि तो काठ स्लॅटच्या कापलेल्या कडेवर नीट टेकत असेल, तर हा सगळा दाब धातूवरून धातूवर जातो आणि स्क्रू किंवा रिव्हेटवर जवळजवळ काहीच येत नाही. काठ नसेल किंवा कड तिरकी कापली असेल, तर तोच दाब रिव्हेट कातरायला लागतो. करवतीचा काटकोन बिघडल्याची किंमत शेवटी रिव्हेटला मोजावी लागते.

मागच्या टोकाची गोष्ट वेगळी. तिथून माल खाली पडतो, दार आपटते, फोर्कलिफ्ट चढते. दोर, तारा, कापडाच्या चिंध्या कॅपच्या कडेत अडकून तिला बाहेर ओढतात. इथे टेकून भागत नाही, खरी पकड लागते. शिवाय फोर्कलिफ्टचे चाक टोकावर आले की स्लॅट शेवटच्या आधारापलीकडे वाकतो आणि त्याच्या वरच्या व खालच्या भिंतीत ताण चढतो. म्हणून छिद्र पाडायचेच असेल तर ते बाजूच्या भिंतीत, उंचीच्या मध्याजवळ पाडावे. पट्टीतल्या लहान गोल छिद्राच्या कडेला ताण तिपटीने वाढतो, हे जर्मन अभियंता गुस्टाफ किर्श याने 1898 मध्ये गणिताने दाखवले होते. आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना पोलादासारखी थकव्याची ठाम खालची मर्यादा नसते. लहान ताणही पुरेशा वेळा आला तर तडा सुरू करू शकतो.

किती वेळा? ढोबळ हिशेब करून पाहू. तळ साडेतेरा मीटरचा आणि एका फेरीत स्लॅट 200 मिलिमीटर सरकत असेल, तर एकदा गाडी रिकामी करायला सुमारे 68 फेऱ्या लागतात. दिवसाला दोन खेपा आणि वर्षाला 300 दिवस धरले तर वर्षाकाठी चाळीस हजारांवर फेऱ्या होतात. हा आकडा मोठा वाटतो, पण रस्त्यावरच्या धक्क्यांपुढे तो काहीच नाही. धावत्या गाडीचा तळ सेकंदाला अनेकदा थरथरतो. स्क्रू सैल करण्यात या थरथरीचा वाटा मोठा असतो. बोल्टच्या अक्षाला आडव्या दिशेने होणारी हालचाल त्याला आपोआप फिरवून सोडवते, हे गेरहार्ड युंकर याने 1969 मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. म्हणून या पुस्तकात स्क्रू किती घट्ट करावा, यापेक्षा स्क्रूभोवतीची आडवी हालचाल कशी थांबवावी, याला जास्त पाने दिली आहेत. कॅपचा आत जाणारा भाग पोकळीत नेमका बसला की ही हालचाल मुळातच थांबते.

याहून अनपेक्षित बळ आतल्या हवेचे. दोन्ही टोके हवाबंद केली तर स्लॅट ही एक लांब, बंद कुपी होते. सकाळी 20 अंश सेल्सिअसला बंद असलेली हवा दुपारच्या उन्हात 60 अंशांवर गेली, तर तिचा दाब सुमारे 13.6 टक्क्यांनी, म्हणजे जवळपास 14 किलोपास्कलने वाढतो. पोकळीचा छेद 90 गुणिले 25 मिलिमीटर धरला, तर कॅपवर बाहेरच्या दिशेने सुमारे 31 न्यूटन, म्हणजे तीन किलोंहून थोडा जास्त जोर येतो. एका दिवसाच्या मानाने हा जोर फार नाही. पण केवळ दाबून बसवलेल्या प्लास्टिकच्या कॅपला तो रोज दुपारी थोडा थोडा बाहेर सरकवत राहतो. उलट बाजू याहून वाईट आहे. तापलेल्या स्लॅटमधून थोडी हवा निसटली आणि मग गाडी गार पाण्याच्या फवाऱ्याने धुतली, तर आतली हवा आकसते आणि फटीतून घाण पाणी आत ओढले जाते. ते आले की बाहेर पडायला वाट नसते. यावरचा उपाय स्वस्त आहे. माल पोहोचणार नाही अशा ठिकाणी, खालच्या बाजूला एक लहान निचऱ्याचे छिद्र ठेवायचे. कॅपचे काम माल अडवण्याचे आहे, हवा अडवण्याचे नाही.

एवढे समजले की जोडणीच्या पद्धतींकडे डोळसपणे पाहता येते. वेल्डिंगची पकड पक्की आणि फट कायमची बंद. पण 6061-T6 सारख्या मिश्रधातूची ताकद उष्णतासंस्कारातून आलेली असते आणि वेल्डच्या उष्णतेने ती उतरते. मूळ धातूचे ताणबल सुमारे 310 मेगापास्कल असते, तर वेल्डशेजारच्या पट्ट्यासाठी आराखड्यात 165 मेगापास्कलच्या आसपास धरतात. टोकाशी ताण कमी असेल तर हा तोटा सोसता येतो. मागच्या टोकाला फोर्कलिफ्ट चढत असेल तर सोसत नाही. दुसरी अडचण ऑक्साइडच्या थराची. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, पण त्यावरचा ऑक्साइड दोन हजार अंशांच्या वर. तो घासून काढल्याशिवाय वेल्ड धरत नाही. शिवाय शेजारच्या दोन स्लॅटमधली फट अगदी थोडी असते. तिथे वेल्डचा फुगवटा राहिला तर स्लॅट घासतात, म्हणून तो घासून सपाट करावा लागतो. आणि दुरुस्ती करताना भुशाने भरलेल्या ट्रेलरमध्ये ठिणगी उडवणे हा आगीला दिलेला मोकळा वाव आहे.

रिव्हेट आणि स्क्रू ही कोणत्याही वर्कशॉपला जमणारी वाट. पॉप रिव्हेटला आतून हात घालावा लागत नाही, म्हणून पोकळ स्लॅटला तो सोयीचा. याच कुळातली एक सुंदर पद्धत म्हणजे स्क्रू पोर्ट. एक्स्ट्रुजन करतानाच पोकळीच्या आत इंग्रजी सी आकाराची नळी भिंतीला जोडून काढतात, कॅप टोकावर ठेवतात आणि सेल्फ टॅपिंग स्क्रू लांबीच्या दिशेने त्या नळीत पिळतात. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या चौकटी याच पद्धतीने कोपऱ्यात जोडतात, तेव्हा ही जोडणी घराघरांत बसलेली आहे. भिंतीत छिद्र पडत नाही, स्क्रू बाहेरच्या ओढीला सरळ तोंड देतो आणि कॅप बदलायला पेचकस पुरतो. किंमत एकच: डाय बनवतानाच हा विचार झालेला हवा.

प्लास्टिकची कॅप दाबून बसवणे सर्वांत झटपट. पण पॉलिएथिलीन उन्हात ॲल्युमिनियमच्या कित्येक पट प्रसरण पावते. 90 मिलिमीटर रुंदीत 40 अंशांच्या फरकाला हा प्रसरणातला फरक जवळपास अर्धा मिलिमीटर भरतो. उन्हात कॅप भिंतीवर दाबली जाते, सतत दाबाखाली हळूहळू आकार सोडते आणि थंडीत सैल होते. म्हणून प्लास्टिकला केवळ घट्टपणावर भिस्त ठेवता येत नाही; भिंतीतल्या छिद्रात अडकणारा आकडा किंवा एक स्क्रू लागतोच. चिकटद्रव्याचा मार्गही जुना आणि अभ्यासलेला आहे. धातूला धातू चिकटवण्याचे रिडक्स हे तंत्र इंग्लंडमध्ये 1941 मध्ये विमानांसाठी पुढे आले आणि चिकटलेल्या जोडातला ताण टोकांपाशी कसा एकवटतो, हे फोल्करसेनने 1938 मध्येच मांडले होते. चिकटद्रव्य कातरणे सोसते, सोलणे सोसत नाही. कॅपचा आत जाणारा भाग लांब ठेवला की ओढ कातरण्यात बदलते. मात्र पृष्ठभागाची स्वच्छता राखता येत नसेल तर या वाटेला जाऊ नये.

शेवटची पद्धत मला सर्वांत मनापासून आवडते. ॲल्युमिनियमच्या कॅपच्या आतल्या भागावर खाच ठेवायची, कॅप बसवायची आणि बाहेरून पंच मारून स्लॅटची भिंत त्या खाचेत दाबायची. तिसरा तुकडा लागत नाही, उष्णता लागत नाही, वेगळा धातू येत नाही. भिंतीचा आकारच कुलूप होतो. पंच किती खोल, कडेपासून किती दूर आणि सांध्याच्या रेषेपासून किती लांब, या तीन मापांवर तिचे यश ठरते. त्यांसाठी एक पूर्ण प्रकरण दिले आहे. तिची उणीवही तिथे स्पष्ट केली आहे: कॅप बदलायची तर दाबलेला भाग ड्रिलने काढावा लागतो.

गंजाचा विचार या सगळ्या पद्धतींना लागू आहे. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये, वर खारट, आम्लधर्मी कचऱ्याचे पाणी, म्हणजे लहानसा विद्युतघट तयार. यात झिजते ते ॲल्युमिनियम. स्क्रू लहान आणि स्लॅट मोठा असल्याने एकूण झीज पसरते, तरी स्क्रूच्या कडेला खड्डे पडतातच. सीलंट किंवा लेप लावून दोन धातूंमधले पाणी तोडणे हा उपाय. पितळ आणि तांबे इथे वर्ज्य.

तपासणीच्या प्रकरणाकडे देखभाल करणाऱ्यांचे खास लक्ष वेधतो. रिव्हेटच्या डोक्याभोवती काळपट भुकटीचे वर्तुळ दिसले तर रिव्हेट अजून जागेवर असला तरी आत हलतो आहे. घासलेल्या ॲल्युमिनियमची ती भुकटी असते. विमानांची देखभाल करणारे मेकॅनिक ही खूण फार पूर्वीपासून वाचत आले आहेत. गाडी धुण्याआधी ती पाहावी. धुतल्यावर पुरावा जातो.

हे पुस्तक कुणासाठी? डिप्लोमा आणि पदवीच्या यांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी, आयटीआयमधून बाहेर पडलेल्या फिटर आणि वेल्डरसाठी आणि भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव इथल्या लहान कारखान्यांत ड्रॉइंग आणि हातोडा दोन्ही हाताळणाऱ्यांसाठी. जोडणीचे शास्त्र विद्यार्थी बहुधा तुकड्यातुकड्याने शिकतो. वेल्डिंग एका विषयात, थकवा दुसऱ्यात, गंज तिसऱ्यात, प्लास्टिक चौथ्यात. कॅपच्या या लहान जोडणीत हे सगळे विषय एकाच जागी भेटतात आणि एकाला दिलेली सवलत दुसऱ्याकडून वसूल होते. म्हणूनच हा भाग शिकण्यासाठी उत्तम आहे. जो ही एक जोडणी कारणांसह ठरवू शकतो, त्याला खिडकीची चौकट, बसचा पत्रा किंवा सौर पॅनेलचा सांगाडा परका वाटणार नाही.

पहिली तीन प्रकरणे क्रमाने वाचावीत. पुढची प्रकरणे पद्धतीनुसार आहेत, आपल्या कामाला लागेल ती आधी घेतली तरी चालेल. हिशेबांना त्रैराशिकापलीकडचे गणित फारसे लागत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिलेले उदाहरण मात्र कागदावर स्वतः सोडवावे आणि शक्य असेल तर वर्कशॉपमधल्या टाकाऊ तुकड्यावर करून पाहावे. आकडे आणि धातू यांत तफावत आली तर धातूवर विश्वास ठेवून आकडे पुन्हा तपासावेत.

वाचकांना एक विनंती आहे. निखळलेली कॅप हाती आली तर ती भंगारात टाकू नका. तिचे छिद्र, कड आणि झिजलेली बाजू नीट पाहा, कोणत्या दिशेच्या बळाने ती निघाली ते लिहून ठेवा आणि स्लॅटच्या कोणत्या टोकाची होती तेही नोंदवा. नवी कॅप बसवण्याआधी एवढे केले तर पुढची जोडणी नक्कीच अधिक टिकेल. अशा नोंदी आमच्याकडे पाठवल्यात तर पुढच्या आवृत्तीत त्यांचा आदराने समावेश करू.